विषारी जागांची राखण

ज्वारीचे पेव उघडताना ज्यांनी पाहिले आहे अशी माणसे आपल्या परिसरात आता थोडीच उरली असतील. जमिनीत पुरुषभर किंवा त्याहून खोल खड्डा खणावयाचा, त्याच्या तळाला आणि कडेला कडबा नि भुसा लावावयाचा, आत धान्य भरावयाचे आणि तोंड दगडमातीने लिंपून टाकावयाचे, ही साठवणुकीची जुनी रीत होती. सांगलीजवळच्या हरिपुरास हळदही अशाच पेवांत ठेवीत आणि २००५ च्या महापुरात तेथल्या पुष्कळशा पेवांची नासाडी झाली, हे हळदीच्या व्यापारातील मंडळींस ठाऊकच आहे. पेव उघडले की कोणी घाईने आत उतरत नसे. तोंड मोकळे करून ते काही वेळ तसेच राहू देत, मग दोराला पेटता कंदील बांधून तो हळूहळू खाली सोडीत. ज्योत मंदावली किंवा विझली तर त्या वेळी उतरावयाचे नाही. कंदील तळाशी जाऊनही तेवत राहिला, तर मग माणूस आत जाई आणि वर दुसरा कोणी तरी त्याच्याशी बोलत उभा राही.

हा नियम कोणत्याही सरकारी पुस्तकात लिहिलेला नव्हता. पण तो नियमच होता. बंद जागेत धान्यही श्वास घेते. आतला प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, आणि त्यात उतरलेला माणूस दोन पावलांत कोसळतो. हे रसायनशास्त्र आपल्या शेतकऱ्यांना माहीत नव्हते. आत काही तरी जीवघेणे असते एवढे मात्र त्यांनी माणसे गमावून ओळखले होते, आणि त्यावर तोंड उघडे ठेवणे, दिवा सोडणे आणि वर माणूस उभा करणे हा उपाय बसविला होता. आज जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांत बंद जागी शिरण्याचे जे नियम आहेत, त्यांचा गाभा याहून फारसा वेगळा नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय धोक्याच्या जागांवर कोणास जाऊ द्यावे आणि गेलेला माणूस जिवंत परत कसा यावा, हा आहे. वसमतला रासायनिक कचऱ्याचे आगार नाही. तेव्हा हा विषय तळोजे, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या लोकांपुढे मांडावयाचा, येथे त्याचे काय काम, अशी शंका कोणी घेईल. आमचे म्हणणे असे की, विषारी जागा आता आपल्या परसात आली आहे. मोरीच्या मागे, कधी जिन्याखाली, कधी अंगणातल्या फरशीखाली ती असते. तिला आपण सेप्टिक टँक म्हणतो. जे समाज पेवासाठी नियम करू शकला, त्याने या टाकीसाठी तो का केला नाही, या प्रश्नाचा मागोवा आम्हांस घ्यावयाचा आहे.

प्रथम टाकीत काय असते ते पाहू. मैला बंद टाकीत साठला की हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव तो कुजवू लागतात. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. तिसरा यांतला खरा मारेकरी. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो आणि अगदी थोडा असला तरी तो नाकास कळतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की काही मिनिटांत नाकाची जाणीवच बधिर होते. वास येईनासा होतो आणि उतरणाऱ्यास वाटते की घाण वायू निघून गेला. पाचशे-सातशे भागांवर माणूस मिनिटांत कोसळतो. हजारावर एकदोन श्वास पुरतात. शिवाय गाळ शांत असतो तोवर हा वायू पुष्कळसा गाळातच कोंडलेला असतो. फावडे घालून गाळ ढवळला की तो एकदम उसळतो. म्हणजे उतरण्यापूर्वी जागा बरी वाटली, तरी काम सुरू झाल्यावर ती बरी राहील याचा भरवसा नाही.

येथे पेवाचे शहाणपण अपुरे पडते, नव्हे, घातक ठरते. कंदील प्राणवायू आहे की नाही एवढेच सांगतो. हायड्रोजन सल्फाइड माणसाला मारण्याइतका असला तरी ज्योत तशीच जळत राहील. आणि मिथेन साठलेला असेल तर पेटता दिवा खाली सोडणे म्हणजे स्फोटास आमंत्रण. म्हणून सेप्टिक टँकवर दिवा, आगकाडी, विडी यांपैकी काहीही नेता कामा नये. एका खड्ड्यासाठी केलेला नियम दुसऱ्या खड्ड्यास लावता येत नाही. नव्या खड्ड्यास नवा नियम करावा लागतो.

युरोपात या विषयाकडे विद्वानांचे लक्ष जाण्यास अशीच एक परसातली टाकी कारण झाली. इटलीतील मोडेना शहरी बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य राहात. त्यांच्या घरचा शौचकूप साफ करणारा मजूर फार घाईने काम करतो आहे असे पाहून त्यांनी त्यास कारण विचारले. फार वेळ आत राहिले तर डोळे जातात, असे त्या मजुराचे उत्तर होते. रामाझ्झिनींनी त्याचे डोळे तपासले, ते लाल आणि अधू झालेले दिसले. मग त्यांनी शहरातल्या इतर सफाई कामगारांची विचारपूस केली आणि पुढे एकेक धंदा घेऊन त्यातल्या रोगांचा अभ्यास केला. १७०० साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. धंद्यातून उद्भवणाऱ्या रोगांचे शास्त्र या ग्रंथापासून सुरू झाले असे वैद्यकाचे इतिहासकार मानतात. रोग्याला त्याचा धंदा कोणता हे वैद्याने अवश्य विचारावे, हा आग्रह त्यांनीच धरला.

दुसरी हकीकत लंडनजवळच्या ईस्ट हॅमची. १ जुलै १८९५ रोजी तेथील सांडपाण्याच्या पंपघरात एक कामगार विहिरीत उतरला आणि बेशुद्ध पडला. त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरला, मग तिसरा, मग चौथा, मग पाचवा. पाचही जण मेले. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने या प्रकरणाची तपासणी करून हायड्रोजन सल्फाइड हेच मृत्यूचे कारण असल्याचा निष्कर्ष काढला. लंडनच्या पोस्टमन्स पार्क या बागेत, इतरांना वाचविताना प्राण गमावलेल्या सामान्य माणसांची नावे चिनी मातीच्या फरशांवर कोरून लावलेली आहेत. चित्रकार वॉट्स यांच्या पुढाकाराने १९०० साली ते स्मारक उघडले गेले. पहिल्याला वाचवावयास गेलेल्या त्या चौघांची नावे त्या भिंतीवर आहेत.

या घटनेतला क्रम नीट लक्षात घेण्याजोगा आहे. पहिला माणूस कामासाठी उतरतो, पुढचे सगळे प्रेमाने उतरतात. पडलेल्याचा भाऊ, सोबती, कधी मुलगा. वरून पाहणाऱ्यास खाली पडलेला माणूस दिसतो, वायू दिसत नाही. म्हणूनच बंद जागेच्या सर्व नियमांत एक कठोर नियम असतो की, वरच्याने कोणत्याही परिस्थितीत खाली उतरावयाचे नाही. उतरणाऱ्याच्या अंगाला आधीच पट्टा आणि दोर बांधलेला असावा, आणि वरच्याने, शक्य तर तिकाटण्याच्या चाकावरून, त्याला ओढून घ्यावे. हा नियम ऐकावयास निष्ठुर वाटतो, परंतु ईस्ट हॅमला तो असता तर पाचांतले निदान चौघे वाचले असते.

आता आपल्याकडे वळू. वसमत हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातले गाव. १९०८ साली मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाल्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावून घेण्यात आले आणि पूरनियंत्रणाबरोबर भुयारी गटारांची योजनाही त्यांनी त्या शहरासाठी आखली. ती राजधानीची गोष्ट झाली. तालुक्याच्या गावी पाटीचे संडास होते, आणि पाटी डोक्यावरून वाहणारी माणसे होती. ती कोणत्या जातीची असावीत हे समाजाने ठरवून ठेवले होते.

मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. मैला डोक्यावरून वाहण्याऐवजी ढकलगाड्या द्याव्यात, हत्यारे सुधारावीत, कामाच्या पद्धती बदलाव्यात अशा तिच्या शिफारशी होत्या, आणि १९५५ साली केंद्र सरकारने त्यांतील मुख्य राज्यांना कळविल्या. त्यानंतर १९५७ साली मलकानी समिती बसली आणि १९६० साली तिने आपला अहवाल दिला. बर्वे समितीचे काम चालू होते तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, मुंबई राज्यात तो १९५६ साली आला. म्हणजे ती चौकशी आपल्या वेशीबाहेरच थांबली.

याच काळात कोकणात अप्पासाहेब पटवर्धन वेगळ्या वाटेने चालले होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम स्वतः करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली तेव्हा त्यांनी अन्नत्याग आरंभिला, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांस पाठिंबा म्हणून उपवास धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी खतसंडासाचे प्रयोग केले. मैल्याला माणसाचा हात लागावयास नको, आणि तो कुजून शेताला खत मिळावे, अशी त्यांची दृष्टी होती. भंगीमुक्ती हा शब्द ते वापरीत. आम्हांस त्यांचे मोठेपण असे वाटते की, मजुराला हातमोजे कसे द्यावेत यापाशी ते थांबले नाहीत; त्याने उतरावेच कशाला, असा संडास बांधता येईल का, हे त्यांनी विचारले. आज ज्याला दोन खड्ड्यांचा संडास म्हणतात तो याच विचाराचा. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवावयाचा आणि पहिला वर्षदीड वर्ष बंद ठेवावयाचा. पाणी जमिनीत मुरून जाते, आतला माल मातीसारखा कोरडा होतो आणि तो निर्धास्त काढता येतो. त्यात साठून राहिलेला विषारी वायू नसतो.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि गावोगाव लाखो संडास उभे राहिले. या अभियानातही खेड्यांसाठी दोन खड्ड्यांच्या संडासाचीच शिफारस होती. परंतु लोकांना मोठी टाकी प्रतिष्ठेची वाटली. एकदा बांधली की वीस वर्षे बघावयास नको, असे गवंडी सांगतो आणि घरमालक मान डोलावतो. टाकी जितकी मोठी, तितके तिच्यात वर्षानुवर्षे साठलेले विष अधिक. आणि एक दिवस ती भरतेच.

कायद्याने काय केले तेही सांगितले पाहिजे. १९९३ साली पाटीचे संडास आणि हाताने मैला उचलण्याची नोकरी यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. त्याची मागणी करणारे ठराव ज्या मोजक्या राज्यांनी केले, त्यांत महाराष्ट्र होता. पण त्या कायद्याची नजर पाटीवर होती, गटारात आणि टाकीत उतरणारा माणूस तिच्या टप्प्यात आला नाही. तो आला २०१३ च्या कायद्यात. हा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी, अंमलात आला. गटार किंवा सेप्टिक टँक यांची जोखमीची सफाई कोणाही माणसाकडून करून घेण्यास त्याने मनाई केली. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षे किंवा पाच लाख, अथवा दोन्ही. अपवादाने कोणास उतरवावयाचेच झाले तर लेखी परवानगी हवी, आणि श्वासाच्या नळीपासून गमबुटांपर्यंतची साधने द्यावयास हवीत, अशी नियमांची तरतूद आहे. हा कायदा नगरपालिकेवर आहे तसा ठेकेदारावर आणि खासगी घरमालकावरही आहे. घरमालकांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे, याची चौकशी आपल्या ओळखीच्या दहा घरी करून पाहावी.

२७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारांत मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असे सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम तीस लाख झाली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत जोखमीच्या सफाईत ३७७ माणसे मेली. भरपाई वाढत गेली ही न्यायाची गोष्ट खरी, परंतु ती मेलेल्यांच्या घरी जाते.

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात, सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. सहाव्याला दवाखान्यात न्यावे लागले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी हाच आपलाही जिल्हा होता. तेव्हा ही कोठली परमुलखातली बातमी नव्हे. कायदा होऊन दहा वर्षे झाली होती. तळोज्याच्या आगारात शिरताना फाटकावर नोंद होते आणि या शेतातल्या टाकीवर साधा दोर नव्हता, असा हा प्रकार.

रासायनिक कचऱ्याच्या जागांचे नियम कसे असतात ते पाहिले की हा फरक अधिक ठळक होतो. अमेरिकेत नायगरा फॉल्सजवळ लव्ह कॅनॉल या वस्तीखाली पुरलेली रसायने वर आली, तेव्हा १९७८ साली तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यातून १९८० चा कायदा आला आणि १९८९ साली अशा जागी काम करणाऱ्यांच्या सुरक्षेचे सविस्तर नियम झाले. जागेचे तीन भाग करावयाचे: आतला दूषित, मधला अंग नि कपडे धुण्याचा, बाहेरचा स्वच्छ. आत जाण्यास आणि बाहेर येण्यास ठरलेलीच वाट. कोण गेले, कधी गेले, कधी परतले याची नोंद. एकट्याने जावयाचे नाही, जोडीनेच जावयाचे. आपल्याकडे २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ घडले. त्यानंतर १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात धोक्याच्या प्रक्रियांचे प्रकरण घातले गेले, कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क आला, आणि १९८९ साली घातक कचऱ्याचे नियम झाले. त्या बंद कारखान्यात उरलेला ३३७ टन कचरा चाळीस वर्षे तसाच पडून होता. जानेवारी २०२५ मध्ये तो बारा बंद कंटेनरांतून पिथमपूरला नेण्यात आला. भरणाऱ्या माणसांच्या अंगावर संरक्षक पोशाख होते, रस्ता पोलिसांनी मोकळा केला होता, बरोबर रुग्णवाहिका होत्या. तो तेथे नकोच म्हणून पिथमपूरच्या लोकांनी आंदोलन केले. जूनअखेर तो जाळून झाला.

ही दक्षता चाळीस वर्षे उशिरा आली यात शंका नाही, पण आली. ती सोनपेठेत का आली नाही? पैशाचा प्रश्न हे उत्तर आम्हांस पटत नाही, कारण पट्टा, दोर आणि तिकाटणे यांना हळदीच्या दोन पोत्यांहून अधिक खर्च येत नाही. रेघ ओढण्याची कला आम्हांस परकी आहे असेही नाही. सोवळ्याच्या रेघा आमच्या आजोबा-पणजोबांनी फार काटेकोरपणे पाळल्या. परंतु ती रेघ आम्ही सफाई करणाऱ्या माणसाभोवती ओढली, ज्या जागेत तो उतरतो तिच्याभोवती ओढली नाही. पेवात उतरणाराही बहुधा मजूरच असे, हे आम्ही विसरत नाही. पण पेवाच्या तोंडाशी मालक उभा असे, कारण आत त्याचे धान्य होते. टाकीच्या तोंडाशी मालक उभा राहात नाही. पैसे ठरवून तो आत जातो आणि दार लावून घेतो. उतरणाऱ्याला तो नावानेही ओळखत नसतो.

जागेची राखण ही केवळ उतरणाऱ्यासाठी नसते हेही येथे सांगून टाकू. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. त्यानंतर तेथील महानगरपालिकेने झाकणांखाली लोखंडी जाळ्या बसविण्यास घेतल्या. उघड्या बोअरच्या भोकाभोवती कुंपण, फलक आणि झाकण असावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली फर्माविले होते. आणि ४ एप्रिल २०२५ रोजी आपल्या वसमत तालुक्यातील गुंजच्या सात शेतमजूर बायका कामावर जाताना आलेगाव शिवारात ट्रॅक्टरसह विहिरीत पडून मेल्या, ते या सभागृहात कोणास सांगावयास नको. विहिरीला कठडा, टाकीला जड झाकण, बोअरला टोपण, या गोष्टी एकाच जातीच्या आहेत.

मग करावयाचे काय? मैला उपसणारी यंत्राची गाडी आता पुष्कळ नगरपालिकांकडे आहे आणि खासगी गाड्याही मिळतात. गाडी आली की माणसाला उतरण्याचे कारण उरत नाही. वरून नळी घातली की काम होते. तरीही माणूस उतरतो, याला दोन कारणे आहेत. तळाशी घट्ट झालेला गाळ नळी ओढत नाही, म्हणून माणूस उतरवून तो सैल करतात. याला उपाय असा की टाकी फुटेपर्यंत भरू न देता दर दोन-तीन वर्षांनी उपसावी, आणि गाळ सैल करावयाचाच तर वरून पाण्याच्या जोराने करावा. पालिकेने घरोघरच्या टाक्यांची वही ठेवली आणि मालमत्ता कराच्या बिलाबरोबर उपशाची तारीख कळविली, तर हे अशक्य नाही.

दुसरे कारण गल्लीचे. जुन्या वस्तीत घराच्या पाठीमागे, अरुंद बोळाच्या टोकाला टाकी असते. गाडी तेथवर जात नाही आणि तिची नळी पुरत नाही. टाकी कोठे बांधावयाची हे आज आपल्याकडे गवंडी ठरवितो, आणि घाण दृष्टीआड असावी म्हणून तो ती मागे नेतो. नवे घर बांधणाऱ्याने ती रस्त्याच्या अंगाला घ्यावी, नळी आत जाईल पण माणूस जाणार नाही एवढेच तिचे तोंड ठेवावे, आणि वायू वर निघून जाण्यासाठी छपरापर्यंत उंच नळ बसवावा. बांधकामाची परवानगी देताना नगरपालिका नकाशा पाहतेच. त्यात टाकीची जागाही पाहावी.